विचारूबाईंची परवानगी

विचारूबाई गार्डनमधलं खाली पडलेलं फूलसुद्धा माळ्याला विचारल्याशिवाय उचलत नसत. त्याच गार्डनमध्ये, त्याच वेळी, आमची निम्मी वस्ती पिशव्या घेऊन देवासाठी फुलं तोडत असे. त्यात रिटायर्ड हेडमास्तर असत, भजनी मंडळातल्या बायका असत, आणि खोटं कशाला बोलू, आमच्या घरचं माणूसही असे. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असं या सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. विचारूबाई मात्र गळून पडलेल्या चाफ्यापाशी थांबायच्या आणि लांबून माळ्याला हाक मारायच्या, "भाऊ, हे घेऊ का गा?" माळी हातातला पाइप खाली टाकून म्हणायचा, "घ्या ना मावशी. रोज रोज काहून विचारता?" त्या फूल घरी नेऊन बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. हे नाव त्यांना कोणी दिलं ते मला माहीत नाही. लोक त्यांच्या तोंडावरही तेच म्हणत आणि त्यांना त्याचा राग नव्हता.

माझं गार्डनच्या गेटसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सरकारी ऑफिसात अर्ज द्यायचा आणि मग उत्तराची वाट बघत बसायचं, या जुन्या उद्योगावर माझं घर चालतं. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा समोरचं स्टूल रिकामं होतं, तरी "बसू का?" असं विचारून बसल्या. मला वाटलं, बाई भित्री दिसते. नंतर कळलं की त्यांची अख्खी नोकरी पोलीस खात्यात झाली होती आणि भल्याभल्या गुंडांच्या आयांना त्यांनी लायनीत उभं केलं होतं. मोठ्या सभांना, कोर्टाच्या फाटकावर, बायकांची तपासणी करायची त्यांची ड्यूटी. हातात ते टुंई करणारं छोटं यंत्र घेऊन त्या प्रत्येक बाईला आधी विचारायच्या, "ताई, हात लावू का?" बरोबरच्या शिपाई हसायच्या. लाईन खोळंबते म्हणून वरचे साहेब ओरडायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं असे, "ड्यूटी माही हाय साहेब, अंग तं तिचं हाय ना."

कोर्टाच्या फाटकावरच त्यांना यंत्रानं हरवलेलं शोधायचा नाद लागला. तारखेला आलेल्या एका खेड्यातल्या बाईच्या कानातलं गवतात पडलं. सगळ्यांनी बघितलं, सापडलं नाही, आणि ती बाई "सासूले काय सांगू" म्हणून रडायला लागली. विचारूबाईंनी हातातलं यंत्र गवतावरून फिरवलं. टुंई झालं आणि कानातलं निघालं. ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा दरवेळी नव्यानं खुलायचा. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या कोणी प्लॉट घेतला, कोणी लेकाच्या संसारात जाऊन बसल्या. या बाईंनी ऑनलाइन एक लांब दांड्याचं, खाली ताटलीसारखं तोंड असलेलं धातू शोधायचं यंत्र मागवलं. ना नवरा राहिला होता, ना मूलबाळ होतं. यंत्र घरी आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या स्टुलावर हजर. उद्यान खात्याला अर्ज टाईप करायचा होता.

मी म्हटलं, "मावशी, गार्डन सगळ्यांचं आहे. लोक तिथे कुत्री हागवतात, वाढदिवसाचे केक एकमेकांच्या तोंडाला फासतात. तुम्हालाच परवानगी कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या, "तू टाईप कर गा. लोकाइचं पाहून आपण कायले बिघडावं?" मी टाईप केलं. त्या वेळी उद्यान खात्यात एक जुने, भले साहेब होते. त्यांनी अर्ज वाचला, हसले आणि सही ठोकली: फक्त हरवलेल्या वस्तूंसाठी, चार बोटांपेक्षा खोल नाही. दरवर्षी तो कागद नवा होई आणि दरवर्षी मीच टाईप करी.

त्यांचं काम बघण्यासारखं असे. ज्याचं हरवलं त्याला आधी विचारायचं, कुठे बसला होता, कुठून उठला. मग माळ्याला विचारायचं. मग तिथे कोणी बसलं असेल तर त्याला विचारायचं. टुंई झालं की त्या मांडी घालून बसत, शेजारी वर्तमानपत्राचा कागद पसरत, खुरपीनं गवताला तीन बाजूंनी चीर देऊन चौथ्या बाजूवर ते उलटं दुमडत. खालची माती कागदावर काढत. वस्तू निघो की बाटलीचं झाकण निघो, माती परत खड्ड्यात, गवत परत जागेवर, वरून हलका पाय, आणि बाटलीतलं थोडं पाणी. नंतर ती जागा माळ्यालाही सापडत नसे. किल्ल्या निघाल्या, जोडवी निघाली, लग्न ठरलेल्या एका पोराची अंगठी निघाली. त्या पोरानं आनंदानं पाया पडायला वाकावं तर बाई मागे सरकून म्हणाल्या, "राहू दे. गवतावर पाय नको देऊ."

कामठीहून त्यांचा थोरला भाऊ कधीमधी यायचा. तो दुकानात बसला की दोघांचं हमखास जुंपायचं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली इथेच, नागपुरात, दीक्षा घेतलेली. भाऊ टेबलावर हात आपटून म्हणायचा, "आपल्या बापानं काय शिकवलं? सार्वजनिक जागी जाले कोणाले विचारा लागत नाही. विचारून विचारूनच तं पिढ्या बाहेर उभ्या राहिल्या आपल्या. अन् तू अर्ज करून राहिली!" मी गप्प बसायचो. यात आपण बोलणं बरं नव्हे एवढी अक्कल मला होती. बाई शांतपणे चहाचा कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाय ठेवाले मी कोणाले विचारत नाही, दादा. खोदाले विचारते. सगळ्याइचं हाय म्हणूनच विचारते." भाऊ पुटपुटत कामठीच्या बसला निघून जायचा. दोघांपैकी कोणाचं खरं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग खजिन्याची आवई उठली. बाईंनाच एकदा मातीत एक जुनं, झिजलेलं तांब्याचं नाणं सापडलं होतं. ते त्यांनी रीतसर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पण वस्तीत त्या एका नाण्याचं हंडाभर सोनं व्हायला आठवडाही लागला नाही. भोसल्यांच्या काळच्या मोहरा गार्डनखाली आहेत म्हणे. कुठली कुठली पोरं यंत्रं घेऊन पहाटे येऊ लागली आणि जाताना खड्डे तसेच टाकून जाऊ लागली. एका खड्ड्यात फिरायला आलेले एक म्हातारे गृहस्थ पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मग जे व्हायचं ते झालं. ठेकेदारानं चौकीदाराला त्याच दिवशी कामावरून काढलं. त्या बिचाऱ्यानं खड्डे खोदले नव्हते की खोदणाऱ्यांकडून चहाही घेतला नव्हता. तो पुढे कुठे गेला, काय करतो, कोणालाच माहीत नाही. साहेबही तोवर बदलून नवे आले होते. त्यांनी गेटवर पाटी लावली, "धातुशोधक यंत्र आणण्यास सक्त मनाई", आणि विचारूबाईंचा कागद रद्द केला. वर त्यांच्याकडून लेखी घेतलं, की लेखी परवानगीशिवाय यंत्र गार्डनमध्ये आणणार नाही.

तो कागद मीच टाईप केला. बाईंनी एकदा वाचला, सही केली. "साहेबाचं चुकलं नाही गा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं." चौकीदाराचं मात्र त्यांच्या मनाला फार लागलं होतं. यंत्र त्यांनी उशीच्या जुन्या खोळीत घालून कपाटावर ठेवून दिलं.

हे सगळं झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, मीनल नावाची एक तरुण बाई माझ्या दुकानात आली. हुडकेश्वरला राहणारी, नवरा हिंगण्याच्या कारखान्यात. डोळे सुजलेले, हाताला पाच वर्षांची मुलगी. तिला "हरवले आहे" अशी पत्रकं छापून हवी होती. काय हरवलं विचारलं तर तिनं मोबाईलमधला फोटो दाखवला: कानामागे अडकवायचं एक छोटं यंत्र, त्याला वायर आणि वायरच्या टोकाला रुपयाएवढी चकती. मुलगी, गुड्डी, जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून डोक्याच्या आत एक यंत्र बसवलेलं. बाहेरचं हे कानामागे लावलं आणि चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटली, की पोरीला ऐकू येई. बाहेरचं नसलं तर आतलं मुकंच. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालेलं आणि योजना एकदाच मिळते. आदल्या संध्याकाळी गुड्डी घसरगुंडीजवळच्या गवतात पोरांबरोबर लोळली, आणि घरी जाताना कानामागे हात लावून बघितला तर काही नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी शोधलं होतं. "पांढरं घेतलं असतं तं दिसलं असतं काका," मीनल म्हणाली. "आम्ही मुद्दाम तपकिरी घेतलं. केसाइच्या रंगाचं. पोरीले कोणी चिडवू नये म्हणून." गार्डनमधलं गवत तेव्हा उन्हानं करपून नेमकं त्याच रंगाचं झालं होतं.

मी पत्रक छापलंच नाही. दुकान उघडं टाकून तिला थेट विचारूबाईंच्या घरी घेऊन गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गुड्डीपुढे उकिडव्या बसल्या. "आजी म्हण बरं." गुड्डीनं त्यांच्या ओठांकडे टक लावून बघितलं आणि जोरात म्हणाली, "आजी." मीनल म्हणाली, "दोन वर्षं लागली एवढं याले. रोज घोकून घेते मी. मशीन नसलं का डॉक्टर म्हणते, बोलणं उतरत जाते." बाईंनी कपाटाकडे बघितलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या मला म्हणाल्या, "उद्या सोमवार. ऑफिस उघडते. अर्ज टाईप कर."

मी चिडलो. अजूनही आठवलं की चिडतो. दहा मिनिटांचं काम. माळी स्वतः येऊन म्हणाला, "मावशी, पहाटे पाचले या. मी गेट उघडतो. कोणी पाहत नाही." मीनलनं त्यांचे पाय धरले, "आजी, नका ना विचारू कोणाले. बस शोधा." बाईंनी तिला उठवलं. म्हणाल्या, "पोरी, माहं कोणी काही बिघडवत नाही. पेन्शनीतली बाई. ज्यादात ज्यादा ठाण्यात बसवतीन, तिथं तं मी जिंदगी बसली. पण कोणी फोटो काढला, चौकशी झाली, का पहिला हा माळी जाईन. एक चौकीदार गेला ना तसा. ठेकेदाराच्या माणसाले कोण वाचवते?" माळी खाली बघत राहिला. त्याच्याही घरी पोरं होती.

सोमवारी मी आणि बाई ऑफिसात गेलो. साहेब मीटिंगला होते. दुपारी भेटले आणि, खोटं बोलणार नाही, नीट बोलले. "बाई, तुमचा हेतू मला कळतो. पण बंदी मीच घातली आणि मीच मोडली, तर उद्या ती खजिनेवाली पोरं माझ्या दारात उभी राहतील. पोलीस ठाण्याचं ना-हरकत आणा. मग माझ्यावर येणार नाही." ठाण्यात बाईंच्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आता मोठ्या हुद्द्यावर होती. तिनं उठून नमस्कार केला, चहा मागवला. "मॅडम, तुम्ही जा ना, शोधा बिनधास्त. आम्ही काही पाहिलं नाही." बाई म्हणाल्या, "हेच लिहून दे." ती हसली आणि मग ओशाळली. लिहून द्यायचं तर घसरगुंडी कोणाच्या हद्दीत येते ते बघावं लागणार होतं. गार्डन अर्धं या ठाण्यात, अर्धं पलीकडच्या.

इकडे माळ्यानं त्या गवताचं पाणी आपल्या जबाबदारीवर बंद ठेवलं होतं, कारण पोरीचं यंत्र भिजलं की संपलं. आणि शोधायचं यंत्र न्यायला मनाई होती, हातांना नव्हती. म्हणून नागपूरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात विचारूबाई गुडघ्यांवर बसून बोटांनी गवत विंचरत पुढे सरकायच्या. त्यांच्यामागे मीनल, तिच्यामागे दुकान बंद करून मी. एकदा मला सुचलं की चकतीत लोहचुंबक आहे, तर जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून फिरवावा. बाईंनी क्षणभर विचार केला. "हे यंत्रात येत नाही," त्यांनी ठरवलं, आणि आम्ही तोही फिरवला. खिळे चिकटले, केसांच्या पिना चिकटल्या. त्याहून जास्त काही नाही. मैदान मोठं होतं आणि गवत वाढलेलं. गुड्डी घसरगुंडीवर बसून आमच्याकडे बघत राहायची. मागून हाक मारली तर तिला कळत नव्हतं.

घसरगुंडी पलीकडच्या हद्दीत निघाली आणि त्या ठाण्याचा कागद बुधवारी मिळाला. तो घेऊन आम्ही धावतच साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "शुक्रवारी ओपन जिमचं उद्घाटन आहे. ते आटोपू द्या, शनिवारी सही करतो." आणि जाता जाता, आपण काय बोलतो आहोत याची कल्पनाही नसताना, म्हणाले, "उद्या गवत कापून पाणी मारायला सांगितलंय. हिरवं दिसलं पाहिजे." बाई म्हणाल्या, "साहेब, तेवढं घसरगुंडीजवळचं सोडता का?" साहेब म्हणाले, "अहो, उद्घाटन तिथेच आहे." आणि त्यांचा फोन वाजला.

बाहेर पायऱ्यांवर बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "उद्या जाते मी यंत्र घेऊन." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "सकाळी सहाला मी गेटवर उभा राहतो." त्या म्हणाल्या, "नाही गा. आधी ऑफिसात जाऊन सांगून येते. विचाराले नाही जात, सांगाले जाते. माही मी जाऊन राहिली, माळ्याचा, नव्या चौकीदाराचा काही संबंध नाही, असं कारकुनाले लिहून घ्याले लावते. मग कोणाचं पोट जात नाही." मी म्हटलं, ऑफिस दहाशिवाय उघडत नाही. "गवत कापणारे बी सरकारीच हायत," त्या म्हणाल्या, "दहाच्या आत कुठी येतात?"

ते नऊला आले. उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती, तेव्हा त्या दिवशी सगळे वेळेवर. मशीनचा आवाज ऐकून मी दुकानातून पळालो. माळी आधीच मशीनपुढे आडवा उभा राहून हात जोडत होता. मी मशीनवाल्या माणसाला सांगितलं, एक तास थांब, एका पोरीचं कानाचं यंत्र आहे इथे. तो माणूस वाईट नव्हता. "भाऊ, मले सांगून काय फायदा? माह्या हातात काय हाय?" तो म्हणाला. "साहेबाले फोन लावा." साहेबांचा फोन बंद होता. बाईंना लावला. घंटी वाजत राहिली. ऑफिसात शिरताना त्या फोनचा आवाज बंद करत असत. त्या माणसानं थोडा वेळ बिडी ओढली, माझ्याकडे बघितलं, आणि मशीन परत सुरू केलं. मी गवताच्या कडेला उभा राहून मशीन घसरगुंडीला वळसा घालताना बघत राहिलो. ते जवळून गेलं, लांब गेलं, परत आलं. दुसरं काय करता येत होतं, हे मला आजही सुचत नाही. मागून दुसऱ्यानं पाणी सोडलं.

बाई अकराला आल्या, उशीची खोळ काखेत धरून. कारकुनानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं, पण लिहून घ्यायला साहेबांना विचारावं लागेल म्हणाला होता. त्यांनी कापलेलं गवत बघितलं, वाहतं पाणी बघितलं. यंत्र काढलं, जोडलं आणि चपला काठाला काढून ओल्या गवतात शिरल्या. पाठीमागं ओपन जिमच्या मांडवाचे बांबू ठोकणं चालू होतं. टुंई व्हायला फार वेळ लागला नाही. घसरगुंडीच्या शिडीजवळ, आम्ही दोनदा विंचरलेल्या जागेपासून हातभर अंतरावर, चकती होती, आख्खी. पुढे थोड्या अंतरावर वायरचा तुकडा. कानामागचा भाग दोन ठिकाणी कापला गेला होता आणि त्याच्या पोटातून पाणी गळत होतं.

इतक्या वेळात त्यांना कोणीही हटकलं नाही. चौकीदार होता, मांडववाले होते, गवत कापणारे होते, झाडाखाली बसलेले लोकही होते. पाटीखालूनच तर त्या यंत्र घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी साहेब पाहणीला आले, गवत छान झालं म्हणाले आणि गेले. बाईंनी तुकडे रुमालात घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नसतं विचारलं तं..." मग त्या रुमालातलं पाणी निपटू लागल्या. "मावशी, तुमची काही चूक नाही," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण ते खरं आहे का, हेच मला कळत नव्हतं. चूक म्हणावी तर कशाला म्हणावी? साहेबांचं म्हणणं सरळ होतं, माळ्याचं पोट खरं होतं, म्हाताऱ्याचं मोडलेलं हाडही खरं होतं. मी आपला रुमालाचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.

शनिवारी सही झाली. परवानगीचा कागद त्यापुढच्या आठवड्यात माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आला, अटी व शर्तींसह. मी तो बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याच हातात परत दिला. त्यानंतर त्यांनी ते यंत्र हातात धरलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी आमच्या वस्तीतलं घर सोडलं आणि हुडकेश्वरला मीनलच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. सामानाच्या टेम्पोत त्या पुढे बसल्या होत्या. मी हात केला, त्यांनीही केला. गार्डनमधली फुलं आता न विचारता तोडणारेच उरले आहेत, आणि माळी कोणाला काही म्हणत नाही.

गुड्डीच्या नव्या यंत्रासाठीचे अर्ज मीच टाईप करतो. योजनेत बसत नाही म्हणून एक परत आला. दुसरा मुंबईला गेला आहे, असं सांगतात. परवा तिसऱ्यावर मीनलची सही घ्यायला हुडकेश्वरला गेलो होतो. गुड्डी आता सहाची झाली. तिचे शब्द एकेक करून गेले, मीनल सांगत होती. आधी नवे गेले, मग जुने. राहिले त्यातला आवाज गेला. तोंड उघडते, ओठ बरोबर हलवते, पण आतून काही निघत नाही, आणि निघत नाही हे तिला कळतही नाही. विचारूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुड्डी समोर भातुकलीची भांडी मांडत होती. मी अर्जाचं सांगत होतो, आमच्या वस्तीतल्या कोणाकोणाच्या गोष्टी सांगत होतो, त्यांना हसवायला बघत होतो. त्या हूं हूं करत होत्या, पण एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या. खरं सांगतो, मला थोडं लागलं. एवढ्या लांबून आलो, आणि ही बाई तोंडाकडे बघायला तयार नाही. तेवढ्यात गुड्डीनं मान वर केली आणि तिचे ओठ हलले, "आजी." घरात कसलाही आवाज झाला नाही. "ओ, काय वं माय?" विचारूबाई मोठ्यानं म्हणाल्या. पोरगी हसली आणि परत भांड्यांकडे वळली. मग बाई, तिच्यावरची नजर न काढता, मला म्हणाल्या, "रागावू नको गा. तिकडं पाहिलं का हिची हाक हुकते."